जो अजून राहायला आलाच नाही, त्याचं म्हणणं कोण मांडणार?

आधी कबुली देऊन टाकते. नऊ वर्षांपूर्वी आमच्या खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर चार मजली इमारत होणार असं कळलं, तेव्हा हरकतीच्या अर्जावर पहिली सही माझी होती. मसुदाही माझाच. "परिसराचं स्वरूप बिघडेल, वाहतुकीवर ताण येईल, नैसर्गिक प्रकाश अडेल." यातलं तिसरं कारण तेवढं खरं होतं. सकाळी माझ्या लिहायच्या टेबलावर तास-दीड तास ऊन यायचं, ते जाणार होतं. पहिली दोन मी वजन वाढवायला जोडली होती.

सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला. भिंतीवर विभागांचा नकाशा: पिवळा म्हणजे निवासी, जांभळा औद्योगिक, आणि आमचा प्लॉट पेन्सिलीनं गोल केलेला. आम्ही पंचवीस-तीस जण होतो. तिशीच्या आतलं कुणी नाही, भाडेकरू बहुतेक एकच. आणि त्या इमारतीत जे राहायला येणार होते, ते कुठून असणार? आपण इथे राहणार आहोत हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

हा काही आमच्या गल्लीपुरता प्रकार नाही. बोस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अशा बैठकांची इतिवृत्तं तपासली, तेव्हा हेच दिसलं. बोलायला उठणारे बहुतेक वयानं मोठे, जुने रहिवासी, स्वतःचं घर असलेले, पुरुष जास्त; आणि नव्या घरांच्या बाजूनं बोलणारे फारच थोडे. "लोकसहभाग" म्हणतो तो बरेचदा असा असतो. ज्याला वेळ आहे त्याचा सहभाग.

झोनिंग, म्हणजे शहराचे विभाग पाडून कुठे काय आणि किती बांधायचं ते ठरवणं, ही मुळात वाईट कल्पना नव्हती. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल ही अवाढव्य इमारत रस्त्याच्या कडेपासून सरळ वर चढवली गेली आणि आजूबाजूचे रस्ते तिच्या सावलीत बुडाले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहरानं नियम केला की उंच जायचं असेल तर वरचे मजले मागे घ्या. रस्त्यावर उजेड पोचला पाहिजे, झोपायच्या खोलीशेजारी धुराडं नको, यात चूक काय?

पण धुराड्यापासून सुरू झालेला नियम माणसांपर्यंत यायला वेळ लागला नाही. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि झोनिंगवर शिक्कामोर्तब झालं. त्या निकालातली दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराची उपमा प्रसिद्ध आहे: वस्तू वाईट नसते, जागा चुकते. मुद्दा पटणारा आहे. पण त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला चक्क बांडगूळ ठरवलं आहे. कारखाना नको हे समजतं. भाड्यानं राहणारं कुटुंब नको, हे कारखान्याच्याच रांगेत कधी जाऊन बसलं? वर्णावरून वस्त्या वेगळ्या ठेवणारे शहरांचे कायदे त्याच न्यायालयानं १९१७ मध्ये रद्द केले होते. मग "एका प्लॉटवर एकच घर", "किमान एवढा मोठा प्लॉट" असे नियम उरले. त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. ज्याला परवडत नाही तो आपोआप बाहेर.

हे टाळता येतं. जपानचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे विभागांचे प्रकार देशभर सारखेच, एकूण तेरा, आणि कुठे कोणता लावायचा ते स्थानिक पातळीवर ठरतं. सगळ्यात कडक निवासी विभागातसुद्धा राहत्या घरात छोटं दुकान चालतं. ५० चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्याहून कमी जागेत. प्रश्न "हे दुकान आहे का?" हा नसून "याचा शेजाऱ्याला त्रास किती?" हा आहे. बसत असेल नियमात तर परवानगी. शेजाऱ्याची मर्जी सांभाळत बसायचं नाही.

ऑकलंडनं २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश भागावर दाट बांधकामाला वाट करून दिली आणि पुढच्या वर्षांत बांधकाम परवानग्या चांगल्याच वाढल्या. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरानं २०१८ मध्ये प्रत्येक निवासी प्लॉटवर तीन घरांना मुभा द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला! पण तीन घरांच्या इमारती तिथे फारशा उभ्या राहिल्याच नाहीत. जास्त फरक पडला तो मोठ्या रस्त्यांलगत उंची वाढवू दिल्यानं आणि पार्किंगची सक्ती काढल्यानं. म्हणून कुणी एकाच नियमाला रामबाण म्हणालं की मी जरा सावध होते.

आता दुसरी बाजू, कारण तीही मी त्याच खोलीत पाहिली. आमच्यातला एकच माणूस कामाचं बोलला. निवृत्त गृहस्थ, हातात घडी घालून घालून मऊ झालेला कागद, त्यावर बॉलपेननं काढलेला नकाशा. प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून जुना नाला जातो, तो कुठल्याच सरकारी नकाशात नाही, तो बुजवलात तर खालच्या गल्लीत पाणी भरेल, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना दोन मिनिटं मिळाली. माझ्या उन्हालाही दोनच. अधिकारी दोन्ही वेळा पानं उलटत होते.

माझी तक्रार आहे ती इथे. त्या गृहस्थांकडे होती ती माहिती, माझ्याकडे होती ती फक्त नापसंती. दोन्ही एकाच अर्जात, एकाच रांगेत. नाल्याची माहिती शहराचा आराखडा कागदावर येण्याआधी हवी. गल्लीतून चालत, लोकांना विचारत, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी गोळा केलेली. कुठे किती मजले, किती घरं, पाणी कुठून जाणार याचं भांडण तेव्हाच, सगळ्या शहरानं मिळून, कडाकडा भांडून घ्यावं. आणि एकदा ठरलं की नियमात बसणारी इमारत शेजाऱ्याच्या सहीवर अडू नये. आज उलट चालतं. आराखड्याच्या मसुद्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि समोर खड्डा खणला की सगळे जागे होतात. मीही तशीच जागी झाले होते.

इमारत झालीच. आमच्या अर्जामुळे तीन वर्षं रखडली, चाराचे तीन मजले झाले, आणि घरं कमी पण मोठी झाली, म्हणजे महागही. नाला मात्र बुजवला. पहिल्याच जोरदार पावसात खालच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. वाहतूक होती तशीच आहे. ऊन गेलं, टेबल मी दुसऱ्या खोलीत हलवलं, पंधरा मिनिटांचं काम.

समोर तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्यानं राहते, प्रयोगशाळेत कामाला आहे. आधी रोज जाऊन-येऊन तिचे तीन तास मोडायचे. शहराच्या सुधारित आराखड्याच्या सुनावणीची नोटीस आलीय, म्हणून मी परवा तिला म्हटलं, या वेळी तूही चल. तिनं तारीख बघितली, वेळ बघितली.

"सकाळी अकरा? ताई, रजा टाकावी लागेल मला."