सणासुदीला मरणाच्या गोष्टी कशाला, म्हणे!

आज सोसायटीची मिटिंग झाली आणि डोकं अजून ठणकतंय म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं, रुसणार नाही.

विषय होता गणपतीतल्या कार्यक्रमांचा. फॅन्सी ड्रेस, पाककृती स्पर्धा, अंताक्षरी, सगळं नेहमीचं ठरलं. मी म्हटलं एक संध्याकाळ दोन तास सीपीआर (म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवायचा प्रयत्न) आणि प्रथमोपचार ठेवूया, माझ्या ओळखीतल्या भूलतज्ज्ञ ताई फुकट यायला तयार आहेत, सरावाचे पुतळेसुद्धा त्याच आणणार, आपण फक्त हॉल उघडायचा आणि चहा करायचा. तर एक ज्येष्ठ काका म्हणाले, "सणासुदीला मरणाच्या गोष्टी कशाला? अपशकुनी वाटतं." आणि माना डोलल्या की हो! दुसरे म्हणाले, उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर पोलीस केस कुणावर? तिसऱ्यांचं म्हणणं, आपल्याकडे दोन डॉक्टर राहतात ना. राहतात. एक दातांचे, एक त्वचेचे, आणि दोघंही रात्री नऊच्या आत घरी नसतात. त्यानंतर पाच मिनिटांत लायटिंगचं बजेट पास झालं, एका शब्दाची चर्चा न होता.

मला राग का येतो ते माझ्या घरच्यांना माहितीये. मामेबहिणीच्या लग्नात माझा मामा कार्यालयात पडला होता. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसली होती, मामा वाढप्यांवर लक्ष ठेवत फिरत होता आणि जिलेबीच्या टेबलाजवळ एकदम खाली. आणि मग आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, दोघींनी तळपाय चोळायला घेतले, एकाने सोडा आणायला मुलगा पळवला कारण "ॲसिडिटीच असणार, सकाळपासून पोटात काही नाही". गर्दीला "वारा येऊ द्या, वारा येऊ द्या" म्हणून ओरडणारेच सगळ्यात पुढे वाकून उभे. प्रत्येक जण काहीतरी करत होता, तेवढं छातीवर हात ठेवायचं सोडून.

आणि मामा आचके देत होता. तोंड उघडं, मधेच एक घरघर, मग बराच वेळ काही नाही, परत एक घरघर. सगळे म्हणत होते "श्वास चालू आहे, श्वास चालू आहे". अहो तो श्वास नसतो! हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस असे आचके देऊ शकतो आणि इथेच भलेभले फसतात. हाक मारून, खांदे हलवून माणूस शुद्धीवर येत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय थांबलंय असं धरून चालायचं आणि दाबायला लागायचं. नाडी शोधत बसायचं नाही, ती आपल्यासारख्यांना घाबरलेल्या हातांनी सापडत नाही.

मामाला हात लावला तो एका वाढप्याने. विशीतला पोरगा, हाताला आमटी लागलेली, पातेलं खाली ठेवून गर्दीत घुसला आणि सरळ गुडघ्यावर बसून दाबायला लागला. माझ्या मोठ्या काकांनी त्याची कॉलर धरली, "अरे मारतोस का त्याला!" तो मोठमोठ्याने आकडे मोजत होता, थांबला नाही, मोजता मोजताच ओरडला, "108 ला लावा कुणीतरी!" तोपर्यंत कुणी फोनच लावला नव्हता. दोनशे माणसांचं लग्न, निम्म्यांच्या हातात फोन, त्यातले काही शूटिंग करत होते.

नंतर कळलं की तो आधी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता आणि तिथे सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये त्याला पुतळ्यावर दाबायला लावलं होतं. बस, एवढंच त्याचं शिक्षण. त्या हॉलमध्ये इंजिनिअर होते, प्रोफेसर होते, अमेरिकेहून आलेले दोघं होते. मीही तेव्हा बारावीला बायोलॉजी शिकवत होते, हृदयाचे चार कप्पे फळ्यावर रंगीत खडूने काढायचे.

मी तर म्हणते शाळेत ते कप्पे नंतर शिकवा, आधी हे शिकवा. असतं काय त्यात? माणसाला कडक जमिनीवर उताणा ठेवा, छातीच्या मधोमध तळव्याचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि कमरेतून वजन टाकून दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. मिनिटाला 100 ते 120, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. पहिल्या मिनिटातच दम लागतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तोंडाला तोंड लावायची गरज नाही, अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्येच सांगितलंय की डोळ्यांदेखत मोठा माणूस कोसळला तर नुसतं दाबलंत तरी चालेल. हो, बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना श्वासही द्यावा लागतो, ते वेगळं शिकायचं, पण म्हणून हेही शिकायचं नाही?

आणि घाई कशाला म्हणाल तर, काहीच केलं नाही तर जगायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी खाली येते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत येते ते तुम्हीच सांगा.

पोलीस केसवाल्यांसाठी. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या बदलाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. तो कायदा रस्त्यावरच्या अपघातापुरता आहे, मान्य. पण पार्किंगमध्ये पडलेल्या शेजाऱ्याची छाती दाबली म्हणून तुम्हाला कोण आत टाकणार आहे, काहीतरीच!

एक सांगते जे मिटिंगमध्ये बोलता आलं नाही. मामाच्या जागी मामी पडली असती तर त्या पोराला कुणी हात लावू दिला असता? मला नाही वाटत. कॉलर धरून बाहेर काढला असता. बाई पडली की आधी तिचा पदर सारखा करतात आपल्याकडे. तेवढी एक मिनिट गेली की गेली. म्हणून बायकांनी तर शिकलंच पाहिजे, एकमेकींसाठी.

डेन्मार्कमध्ये 2005 पासून शाळेत हे सक्तीचं आहे. त्यांचा तो फुटबॉलपटू एरिक्सन 2021 च्या युरो कपमध्ये मैदानात कोसळला, तिथेच छाती दाबली, मशीनने हृदयाला विजेचा शॉक दिला, आणि 2022 ला पठ्ठ्या कतारला वर्ल्डकप खेळला. आता कुणीतरी खाली कॉमेंट करणारच की तिथे डॉक्टर मैदानावर होते, मशीन होतं. होतं. आपल्याकडे ते मशीन सोसायटीत नाही, मग निदान हात तरी असू देत.

आणि हेही लिहून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल भाबडी आहे: दाबलं म्हणजे माणूस वाचतोच असं नाही, बरेचदा नाही वाचत. मामा वाचला. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी तिथेच शॉक दिला, मग पुढचं सगळं हॉस्पिटलात. दोन बरगड्या मोडल्या होत्या, थंडीत अजून दुखतात म्हणून कुरकुरतो आणि मामी म्हणते, "दुखू देत, दुखायला तुम्ही आहात ना." त्या पोराला तिने आहेराची पाकिटं द्यायला काढली तर तो घेईना, म्हणाला पंगत अर्धी राहिलीय, जातो. काकांनी मात्र पुढच्या दिवाळीला त्याला घरी बोलावून शर्टपीस दिलं. कॉलर धरली होती ना.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ते अपशकुनवाले काका वाईट नाहीत, त्यांची बायपास झालीय, भीती वाटत असेल. पण काका, सगळ्यात जास्त गरज तुमच्याच विंगला आहे हो.

तर हॉल मिळाला नाही, पार्किंग आहे. रविवारी सकाळी दहा, भूलतज्ज्ञ ताई येणार आहेत, कांदा आणि चप्पल नाकाशी धरणं, फीटच्या रुग्णाच्या तोंडात चमचा घालणं, भाजल्यावर टूथपेस्ट फासणं हे सगळं का बंद करायचं तेही सांगणार आहेत. सैल कपडे घालून या, जमिनीवर बसायचंय, मुलांना आणा, आणि घरकामाच्या मावशी, वॉचमन, इस्त्रीवाले दादा यांना आवर्जून सांगा, दिवसभर बिल्डिंगमध्ये तेच असतात. गुडघे दुखणाऱ्यांनीही या. कुणीतरी फोन स्पीकरवर टाकून पत्ता नीट सांगायला लागतो, लिफ्ट खाली धरून ठेवायला लागते आणि गेटवर उभं राहून ॲम्ब्युलन्सला बी विंग दाखवायला लागते. चहा मी करतेय.