'ओके'चा जन्म रणांगणावर झालेला नाही

गेल्या आठवड्यात आतेबहिणीने मुलीच्या साखरपुड्याची तारीख घरच्या ग्रुपवर कळवली. मी 'ओके ताई, आम्ही सगळे येतो' असे उत्तर लिहिले आणि दहा मिनिटांत आईने ते मला काढून टाकायला लावले. कारण विचारल्यावर तिने एक फॉरवर्ड पुढे केला. त्यात म्हटले होते की 'ओके' म्हणजे 'झिरो किल्ड'. अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही माणूस दगावला नसेल तर छावणीत परतलेले सैनिक फळ्यावर शून्य आणि 'के' लिहीत, म्हणून मृतांच्या मोजणीतून आलेला हा शब्द शुभकार्यात उच्चारू नये. खाली 'ऑब्जेक्शन किल्ड', ग्रीक 'ओला काला' आणि ट्रकमागचे 'ऑन केरोसीन' असे आणखी तीन उगम एका दमात दिले होते. एकाच शब्दाचे चार उगम छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या कोणालाच पडला नाही. ७५ वर्षांच्या बाईच्या मनात मात्र अपशकुनाची भीती बसली, आणि मला राग त्याचाच आहे.

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६१ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. 'ओ. के.' ही अक्षरे बॉस्टनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात २३ मार्च १८३९ च्या अंकात छापलेली आहेत, म्हणजे युद्धाच्या २२ वर्षे आधी. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी त्या काळच्या वृत्तपत्रांतून शोध घेऊन १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात हा पुरावा मांडला, आणि इंग्रजीचे प्रमुख कोश आज तोच ग्राह्य धरतात. त्या छापील ओळीत 'ओ. के.' या अक्षरांना लागूनच आडवी रेघ देऊन 'ऑल करेक्ट' असा अर्थ दिलेला आहे. अर्थ तिथल्या तिथे फोड करून सांगावा लागला, यावरूनच तो शब्द वाचकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता हे दिसते. त्या सुमारास बॉस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापण्याचा नाद लागला होता. 'ऑल'मधल्या 'ए'च्या जागी 'ओ' आणि 'करेक्ट'मधल्या 'सी'च्या जागी 'के' ही त्यातलीच गंमत. 'ऑल राइट'चे 'ओ. डब्ल्यू.' आणि 'नो यूज'चे 'के. वाय.' त्याच पद्धतीने झाले होते, पण आज ते कोणाला आठवतही नाहीत. 'ओ. के.' तगले ते १८४० च्या निवडणुकीमुळे, कारण राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे. समर्थक त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हणत आणि त्याच आद्याक्षरांनी त्यांनी 'ओ. के. क्लब' काढले. व्हॅन ब्युरेन ती निवडणूक हरले, तरी प्रचारात ती दोन अक्षरे घरोघरी पोचली होती.

'ऑब्जेक्शन किल्ड'वर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. न्यायालयात हरकत फेटाळताना इंग्रजीत 'ओव्हररूल्ड' म्हणतात.

ग्रीक 'ओला काला'बद्दल एवढे मान्य करावे लागेल की तो शब्दप्रयोग खरा आहे आणि त्याचा अर्थही 'सगळे ठीक' असाच होतो. चोक्टॉ या अमेरिकेतील मूलनिवासी भाषेतही 'ओके'सारखा ऐकू येणारा शब्द आहे, आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तोच उगम खरा मानून त्या धर्तीचे स्पेलिंग करत असत. तरीही केवळ ध्वनिसाम्यावरून नाते ठरत नाही; तो शब्द कोणाच्या तोंडून, केव्हा इंग्रजीत आला, हे दाखवणारा कागद हवा.

'ऑन केरोसीन'ची, म्हणजे ट्रक केरोसीनवर चालतो हे कळावे म्हणून मागे 'ओके' लिहीत, ही कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली म्हणून सांगतात. ती ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'पुरती खरी धरली, तरी शंभर वर्षे आधी छापलेल्या शब्दाचा उगम तिच्यात कसा असेल? (महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, हा वेगळा विषय.)

शिवाय या फॉरवर्डने 'ओके'ला 'कोणी मेले नाही' एवढ्या एकाच अर्थाला जखडून टाकले आहे. साहेबांनी बिल ओके केले यात मंजुरी आहे, जेवण ओके होते यात 'यथातथाच' असा सूर आहे, आणि 'ओके, मग निघू या' यात तो केवळ बोलणे पुढे नेतो. 'ऑल करेक्ट'मधल्या 'बरोबर आहे' या अर्थापासून या सगळ्या छटांपर्यंत सहज पोचता येते, पण प्रेते मोजण्यापासून यथातथा जेवणापर्यंत कसे यायचे? मराठीने तर त्याला आपले शब्दयोगी अव्ययही जोडले. २०२२ मध्ये आमदार शहाजीबापू पाटील यांच्या फोनवरच्या बोलण्यातले 'ओक्केमध्ये' महाराष्ट्रभर गेले, तेव्हा त्यात कोणाला अपशकुन दिसला नव्हता.

२३ मार्च १८३९ च्या आधीचा, 'शून्य मृत' या अर्थाने 'ओके' लिहिलेला एक तरी कागद कोणाकडे असेल तर त्याने तो दाखवावा. तो खरा निघाला, तर हे सगळे मी मागे घेईन आणि तसे आईलाही सांगेन.