ऑनलाइन तास घेताना धीर कुठून आणायचा

गेल्या काही दिवसांत नाशिकमधल्या बऱ्याच नव्या प्राध्यापकांशी बोलणं झालं. वर्गात तासभर न अडखळता शिकवणारी ही माणसं ऑनलाइन व्याख्यान म्हटलं की गळपटतात. आवाज बारीक होतो, वाक्यं अर्धवट सुटतात आणि शेवटी स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून तास संपवला जातो. यावर सल्ले मिळतात ते वस्तूंचे. रिंग लाइट घ्या, भारीतला कॅमेरा घ्या, मागे पुस्तकांचं कपाट दिसू द्या. मला हे अजिबात पटत नाही. समोरच्या माणसाकडून काहीतरी परत येतंय, हे कळल्यावर धीर येतो. ते परत येण्याची सोय आपणच करायची असते आणि ती करता येते, एवढंच सांगण्यासाठी ही लांबलचक पोस्ट लिहितेय.

वर्गात आपण बोलता बोलता चेहरे वाचत असतो. मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली की उदाहरण बदलतो, पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला आठी पडली की तेच पुन्हा सोपं करून सांगतो. आपल्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत बोलायला येणारे मुरलेले वक्तेही सुरुवातीलाच श्रोत्यांचा अंदाज घेतात आणि मग सूर लावतात. ऑनलाइन तासात हे सगळं एकदम नाहीसं होतं. समोर नुसत्या नावांच्या काळ्या चौकटी उरतात. आमची एक तरुण सहकारी मला म्हणाली, "मॅडम, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं हो. आणि विहीर निदान आवाज तरी परत देते!"

त्यात भर म्हणजे कोपऱ्यात सतत दिसणारा स्वतःचा चेहरा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यातलं एक नेमकं हेच आहे. माणूस एरवी कधी तासभर आरशात बघत बोलतो का? झूममध्ये स्वतःची चौकट स्वतःपुरती लपवता येते. विद्यार्थ्यांना आपण दिसत राहतो, आपल्याला आपण दिसत नाही. सुरुवातीला एकदा नीट दिसतोय ना बघावं आणि लपवून टाकावी. बेलेन्सन यांनी सांगितलेलं आणखी एक कारण म्हणजे एका जागी जखडून बसणं. म्हणून मी लॅपटॉप उंच ठेवून उभ्यानेच शिकवते. उभं राहिलं की श्वास पुरतो आणि आवाजाला आपोआप वर्गातला जोर येतो.

घाबरणाऱ्यांना मी दुसरी एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या मनातली धडधड समोरच्याला जेवढी दिसते असं आपल्याला वाटतं, तेवढी ती दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं. आणि ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं खरोखर जास्त चांगली झाली. एवढी स्वस्त मदत आपण नव्या माणसाला करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा, प्रतिसादाचा. "समजलं का?" हा प्रश्न ऑनलाइन तासात विचारूच नये. त्याला कोणी उत्तर देत नाही आणि ती शांतता शिकवणाऱ्याचा जीव घेते. ज्याचं उत्तर एका आकड्यात किंवा एका शब्दात लिहिता येईल आणि जे फक्त त्या विद्यार्थ्यालाच माहीत असेल, असं काहीतरी विचारावं. मी भूगोल शिकवते. भूजलाचा धडा सुरू करताना विचारते, "तुमच्या घराजवळची विहीर किती फूट खोल आहे आणि तिचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं?" चॅटमध्ये उत्तरं पडायला लागतात. निफाडच्या कालव्याकाठचा मुलगा लिहितो, आटतच नाही. सिन्नरकडची मुलगी लिहिते, फेब्रुवारी. सुरगाणा आणि पेठहून उत्तर येतं, मार्च, एप्रिल. आणि मग कोणीतरी न सांगता माइक चालू करून विचारतं, "मॅडम, सुरगाण्यात तर केवढा पाऊस पडतो, मग तिथे टँकर का लागतो?"

तिथून पुढे तास माझ्या हातात राहत नाही, आणि तसंच व्हायला हवं. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, पाणी फारसं धरत नाही, ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं. त्यात तिथले उतार तीव्र, त्यामुळे पडलेला पाऊस नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला निघून जातो. हे सगळं मी त्यांच्याच आकड्यांवर बोट ठेवून सांगते. इतक्या गावांच्या विहिरी एकाच वेळी एका वर्गात येणं कॉलेजच्या खोलीत मला कधी जमलं नसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबणं मात्र शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. हे समोरासमोरच्या वर्गाचं झालं. ऑनलाइनमध्ये आवाज पोहोचायला वेळ, मुलाला माइक सापडायला वेळ, मोबाइलवर मराठी टाइप करायला त्याहून वेळ. तिथे तीन सेकंदांनी काय होणार? मी प्रश्न विचारते, शांतपणे पाणी पिते आणि वाट बघते. सवय होईपर्यंत हे अवघड जातं, पण त्या थांबण्यानेच तास उभा राहतो.

आवाजाबद्दल थोडं. बरेच विद्यार्थी आपल्याला बघत नाहीत, फक्त ऐकतात. कोणी सातपूरच्या कंपनीतून शिफ्ट संपवून येताना कानात हेडफोन घालून, कोणी स्वयंपाक करता करता. "इथे बघा" म्हणून काही उपयोग नाही. "नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात त्र्यंबकेश्वर आहे, तिथून गोदावरी पूर्वेला निघते" असं म्हणावं. पैसे खर्च करायचेच असतील तर साध्या हेडफोनच्या माइकवर करावेत. चित्र अडकलं तरी तास चालतो, आवाज अडकला की संपला.

वस्तू मात्र जरूर दाखवाव्यात. माझ्याकडे बेसॉल्टचा मुठीएवढा दगड आहे, पांडवलेणी ज्या खडकात कोरली त्याच जातीचा. त्यातल्या पोकळीत झिओलाइटचे पांढरे स्फटिक आहेत. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे ही खनिजं जमली. दगड कॅमेऱ्याजवळ हळूहळू फिरवला, बाजूने टॉर्च मारला की स्फटिक चमकतात आणि बाकावरून दिसलं नसतं तेवढं जवळून मुलांना दिसतं. फक्त पार्श्वभूमी धूसर करणारी सोय आधी बंद करा, ती हातातला दगडही गिळून टाकते. हातात काही असलं की हातांचं काय करायचं हा प्रश्नही सुटतो.

नेट जाणार, वीज जाणार, हे धरूनच चालावं. सुरुवातीलाच सांगून टाकावं, "मी दिसेनाशी झाले तर तिथेच थांबा, पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज येईल." मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. आणि एखाद्या सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला चॅट सांभाळायला बसवावं. ओळखीचं एक माणूस आत आहे, हाही मोठा आधार असतो.

कॅमेरे चालू ठेवायची सक्ती करावी का, यावर स्टाफरूममध्ये कायम वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, करू नये. एका खोलीत सहा माणसं राहतात, दिवसाचा डेटा ठरलेला असतो, मागे कोणी आजारी झोपलेलं असतं. आपल्याला धीर मिळावा म्हणून त्यांचं घर उघडं करायला लावणं योग्य नाही. त्यांची उत्तरं मागावीत, चेहरे मागू नयेत.

आणि संस्थाचालकांना हात जोडून सांगावंसं वाटतं, हजेरीचे स्क्रीनशॉट गोळा करून शिकवणं सुधारत नाही. प्रशिक्षणात कोणतं बटण कुठे आहे हे दाखवतात, पण त्या बटणामागे बसून बोलायचा सराव कोणी करून घेत नाही. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन १९८९ मध्ये सुरू झालेलं मुक्त विद्यापीठ ज्या नाशिकमध्ये आहे, तिथल्या कॉलेजांनी तरी हे मनावर घ्यायला हवं. नव्या माणसाला चार आपुलकीची माणसं समोर देऊन बोलू द्या, बस.

तोवर आम्ही काही जणी रविवारी सकाळी हे सुरू करतोय. सात मिनिटं, विषय तुमचा, भाषा मराठी. ऐकणारे चौघंच असतील आणि प्रत्येकजण एक प्रश्न नक्की विचारेल. ज्यांना यायचंय त्यांनी कॉमेंटमध्ये आपला विषय लिहा, लिंक पाठवते.