व्हीआर लावा, तिरळेपणा घालवा म्हणे!

मावशीने काल व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून गेम खेळायच्या त्या जाड गॉगलचा, फिरता मेसेज मला पाठवला. "रोज अर्धा तास व्हीआर हेडसेटवर गेम खेळा, तिरळेपणा आणि डबल दिसणं महिन्यात बरं, ऑपरेशन नको, चष्मा नको, अमेरिकेत सरकारमान्य." आणि खाली विचारते, मलाही हल्ली दोन-दोन दिसतंय, नातवाचा हेडसेट लावून बघू का? वैताग आला.

डबल दिसणं खेळून बरं होतं, हे तर धोकादायकच आहे. मोठ्या माणसाला नव्याने दोन दिसायला लागलं तर आधी एकेक डोळा झाकून बघा. कुठलाही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाहीये, आणि झाकूनही दोन दिसत असेल तर बहुतेक वेळा भानगड त्या डोळ्यातच असते, मोतीबिंदू किंवा नंबर वगैरे. दिशा बिघडते ती डायबेटिसने नस अधू झाली म्हणून, थायरॉईडमुळे, मायस्थेनियामुळे (यात स्नायू लवकर थकतात), कधी तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नस दाबते म्हणून. सोबत पापणी खाली आली, डोकं प्रचंड ठणकतंय, जीभ अडखळतेय, तर थेट इमर्जन्सी गाठायची. आणि हे म्हणतायत महिनाभर गेम खेळा!

"हेडसेट म्हणजे डोळ्यांची जिम" असंही म्हणतात. कसली जिम? लहानपणापासूनच्या तिरळेपणात बहुतेकदा स्नायू कमजोर नसतातच, दोन्ही डोळे एका जागी रोखायचं मेंदूचं गणित जमत नाही. हेडसेट प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवतो, ती दोन्ही जुळवायची मेंदूने, आणि फोकस मात्र ठरलेल्या अंतरावरच अडकलेला, वस्तू कितीही जवळ येऊ दे. म्हणजे ज्याचं जुळतच नाही त्याला दोन चित्रं दिसणार, डोकं दुखणार, नाहीतर मेंदू एका डोळ्याचं चित्र सरळ बंद करणार आणि माणूस मजेत खेळत बसणार, फायदा शून्य. असे हेडसेट बनवणारी मेटा कंपनी तर स्वतःच्या सूचनांत लिहिते की दोन डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता सरकारमान्य. बरं बाबा, यात थोडं तथ्य आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) ल्युमिनोपिया नावाच्या व्हीआर उपचाराला परवानगी दिली, पण ती तेव्हा ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी (म्हणजे मेंदू ज्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो म्हणून नजर कमी राहते तो), डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्यात गेम नाहीच, मुद्दाम बदललेले व्हिडिओ असतात, चांगल्या डोळ्याला फिकट दाखवतात म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावं लागतं. डबल दिसणाऱ्या मोठ्या माणसांचा त्यात संबंधच नाही.

आणि "चष्मा नको" म्हणणाऱ्यांनो, मुलाला नंबर असेल तर तो ल्युमिनोपियाही चष्मा लावूनच बघायचा असतो.