खुलासा: वेल्लोरच्या नावाने फिरणारा मेसेज चुकीचा आहे

जालन्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: वेल्लोरचे मिशनरी डॉक्टर नुसत्या प्रार्थनेने बरं करायचे, तुम्हीही गोळ्या सोडा.

तसं नाही. तमिळनाडूतल्या वेल्लोरचा मिशन दवाखाना काढणाऱ्या आयडा स्कडर मिशनरी डॉक्टरांच्याच लेक. बाळंतपणात अडलेल्या तीन बायका एकाच रात्रीत दगावल्या. घरच्यांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता. म्हणून आयडाबाई अमेरिकेत शिकून १८९९ मध्ये डॉक्टर झाल्या, १९०० मध्ये एका खाटेवर दवाखाना मांडला, १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. प्रार्थना रोजचीच, पण ऑपरेशनही त्या स्वतः करत.

आईला मी तिथे नेलं होतं. निघताना हातात औषधांची चिठ्ठीच दिली.

शेजारच्या मावशींनी शुगरच्या गोळ्या उशाखाली दडवल्यात, म्हणून लिहितोय. कृपया मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका.