डास मरत नाहीत, म्हणून औषध दुप्पट करू नका

'धुरळणीनंतरही डास उडतात, म्हणजे औषधात पाणी आहे, डोस दुप्पट करा,' असा निरोप सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

धुरानं फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात. आठ-दहा दिवसांत पाण्यातून नवे बाहेर पडतात. शिवाय गटारीतले बहुतेक डास क्युलेक्स जातीचे. ते मलेरिया पसरवत नाहीत. मलेरियाची ॲनाफिलीस मादी रात्री चावते. शहरात ती (स्टीफेन्सी ही तिची जात) गच्चीवरच्या टाक्यांत, हौदांत वाढते. गावाकडे (क्युलिसिफेसीस ही जात) पाटाच्या पाझरात, नदीपात्रातल्या डबक्यांत. म्हणून नुसती गटार फवारून भागत नाही.

औषधाला दाद न देणारे डास खरोखरच असतात. एकच औषध वारंवार मारलं की तग धरणारे उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते. डोस वाढवून ही निवड थांबत नाही, माणसांना विषबाधेचा धोका मात्र वाढतो. प्रतिकार चाचणीनं ठरतो: डास तासभर ठरावीक मात्रेचं औषध लावलेल्या कागदावर ठेवतात, २४ तासांनी मेलेले मोजतात. ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार नक्की.

टाकी आठवड्याला रिकामी करा, कडा घासा, कोरडी करा. झाकण घट्ट हवं, व्हेंट पाइपला जाळी बांधा. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा.