डिफेनबॅकियाला घाबरून कुंड्या फेकणाऱ्यांसाठी

"घरातली ही झाडे आजच काढा आणि ही आजच लावा" असा एक लांबलचक मेसेज सध्या बेळगावातल्या एकूणएक ग्रुपवर फिरतोय. भिशीचा ग्रुप, गल्लीतल्या गणपती मंडळाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. शेजारच्या अक्कांकडं तोच कन्नडमधून आलाय, त्यांनी वाचून दाखवला, चुकासुद्धा त्याच. सीमाप्रश्नावर दोन्हीकडचं एकमत व्हायचं तेव्हा होईल, या मेसेजवर मात्र आत्ताच झालंय.

एरवी मी असल्याच्या नादाला लागत नाही. पण शहापूरच्या मावशीनं तो वाचून हॉलमधली डिफेनबॅकियाची कुंडी उचलली आणि थेट गेटबाहेर गटारीच्या कडेला नेऊन ठेवली, का तर नातू रांगायला लागलाय. चांगलं कमरेएवढं वाढलेलं झाड, मोठाली पानं, हिरव्यावर पांढरे शिंतोडे. आणि त्या जागी बेडरूमसाठी स्नेक प्लांट आणायला मला नर्सरीत पिटाळलं, "रात्रभर ऑक्सिजन देतंय म्हणे." वर मलाच ऐकवते, नासानं सांगितलंय, तुला काय कळतंय. बरं मावशी, आता नासापासूनच सुरू करूया.

मेसेजमध्ये काय आहे ते न वाचलेल्यांसाठी सांगतो. एक, नासाच्या म्हणण्याप्रमाणे घरातली झाडं हवेतलं विष शोषून घेतात, एअर प्युरिफायरची गरज नाही. दोन, स्नेक प्लांट आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात. तीन, बाकीची झाडं रात्री बेडरूममध्ये ठेवली तर कार्बन डायऑक्साइडनं झोपेत जीव जाऊ शकतो. चार, डिफेनबॅकियाचं पान तोंडात गेलं तर लहान मूल एका मिनिटात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत मरतो, आणि त्याच हातानं डोळा चोळला तर कायमचं आंधळेपण. पाच, त्याऐवजी घरभर मनी प्लांट आणि पीस लिली ठेवा. शेवटी कुंडीत घालायला चहा, दूध, अंड्याची टरफलं, निवडुंगामुळं भांडणं आणि चोरून आणलेल्या मनी प्लांटनं येणारा पैसा असा फुटकळ माल.

नासाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकतो. 1989 साली नासाच्या वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञांनी खरोखरच घरात ठेवायच्या झाडांवर प्रयोग केले होते. पण कसे? छोट्याशा सीलबंद पारदर्शक पेटीत झाड ठेवायचं, आत बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड असला वायू सोडायचा आणि काही तासांनी किती उरला ते मोजायचं. अंतराळात माणूस बंद डब्यात राहणार, तिथली हवा कशी साफ ठेवायची हा त्यांचा प्रश्न होता. त्यातही बरंचसं काम पानांनी न करता मुळांजवळच्या मातीनं आणि तिच्यातल्या जिवाणूंनी केलं होतं. आपलं घर काय सीलबंद पेटी आहे? बेळगावात तर मे सोडला तर खिडकीतून इतका वारा येतो की कॅलेंडर भिंतीवर टिकत नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी 2019 मध्ये अशा जुन्या बारा अभ्यासांतले जवळजवळ दोनशे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, आणि निघालं काय, तर दारं-खिडक्या-फटींतून हवा आपोआप जेवढी बदलते तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आता दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण अकरा चौरस मीटर. कमीत कमी एकशेदहा कुंड्या. पलंग कुठं ठेवणार? खिडकी उघडायला एक हात पुरतो.

आता ऑक्सिजन. स्नेक प्लांटची रात्रीची गंमत खरी आहे, फक्त उलटी सांगितली आहे. कोरड्या भागातली काही झाडं दिवसा पाणी उडून जाऊ नये करून पानांवरची बारीक छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात. ऑक्सिजन मात्र उजेड असल्याशिवाय तयारच होत नाही, तो दिवसाच होतो. म्हणजे रात्री घेणं आहे, देणं नाही. तुळशीत तर हा प्रकारसुद्धा नाही, ती आपली चारचौघींसारखी दिवसा काम करते, रात्री श्वास घेते. तुळस लावा, पूजा करा, सर्दीला काढा करा, तिला ऑक्सिजनचा सिलिंडर कशाला बनवताय?

आणि समजा देत असली तरी किती? झोपलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, आठ तासांचे झाले एकशेवीस लिटर. त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, छत दहा फुटांवर धरलं तर, आधीच सात हजार लिटर ऑक्सिजन भरलेला असतो. कमी काय पडणार आहे? हाच हिशेब तिसऱ्या मुद्द्यालाही लावा. कुंडीतलं झाड रात्री जो काय चिमूटभर कार्बन डायऑक्साइड सोडतं त्यानं माणूस मरणार असेल तर शेजारी झोपलेला नवरा त्याच्या कितीतरी पट सोडतो, आधी त्याला बाहेर काढायला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, ज्यापायी मावशीची कुंडी रस्त्यावर गेली.

डिफेनबॅकियाच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, जुड्याच्या जुड्या. पान चावलं की त्या सुया जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. आग होते, तोंड सुजतं, लाळ गळते, कधीकधी बोलणं अवघड होतं. हे सगळं खरं आहे आणि पोराला फार त्रास होतो, यात काही वाद नाही. पण एका मिनिटात मरण? अहो, पहिल्या चाव्यालाच एवढी आग होते की पोर रडत थुंकून टाकतं, दुसरा घास घेत नाही. झाडानं ती सोय त्यासाठीच केलेली आहे, जनावरानं खाऊ नये म्हणून. यातून जीव गेल्याची उदाहरणं अत्यंत दुर्मीळ आहेत, आणि धोका असतो तो सूज घशापर्यंत गेली तर.

ह्या सुया आपल्याला नवीन आहेत काय? अळूची पानं नीट शिजली नाहीत की घसा खवखवतो, सुरण चिरताना हात खाजतात, ते ह्यांच्यामुळंच. म्हणून तर आपण अळूच्या फतफत्यात चिंच घालतो. अळू, सुरण, डिफेनबॅकिया सगळी एकाच कुळातली. मावशी, तू परसात अळू लावलायस, त्याच्या वड्या नातवाच्या बारशाला झाल्या, आणि त्याच्या भावकीतल्या झाडाला गटार दाखवलंस.

आणि आता त्या मेसेजवाल्या महाशयांची कमाल बघा. डिफेनबॅकिया काढा म्हणतात आणि त्या जागी मनी प्लांट आणि पीस लिली ठेवा म्हणतात. दोन्ही त्याच कुळातली! दोन्हींत त्याच सुया! मनी प्लांटचा वेल तर जमिनीवर लोळतो, रांगणाऱ्या पोराच्या हाताला आधी तोच लागणार. स्नेक प्लांट चावलं तरी मळमळ, उलटी होऊ शकते. कुणी काही तपासलं असतं तर हे दिसलं असतं, पण मेसेज लिहिणाऱ्याला उचलायची जीभ आणि लावायची टाळ्याला.

करायचं काय ते साधं आहे. घरात रांगतं पोर, मांजर किंवा कुत्रं असेल तर असली झाडं त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशी उंचावर ठेवा. छाटताना हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. पोरानं चावलंच तर तोंडातलं काढा, तोंड पुसा, धुवा, थंड पाणी किंवा दूध द्या, आणि सूज वाढतेय, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय असं दिसलं तर लगेच दवाखाना. चीक डोळ्यात गेला तर फार आग होते, बराच वेळ वाहत्या पाण्यानं धुवायचा आणि डॉक्टरला दाखवायचं. कायमचं आंधळेपण हे मेसेजनं पदरचं घातलेलं.

पण मला राग याचा येतो की हे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं झालं, आणि खरा साप अंगणात निवांत उभा आहे. कण्हेर. देवाला फुलं होतात म्हणून आपल्याकडं शहापूर, वडगाव, अनगोळात जुन्या घरांसमोर लाल-गुलाबी कण्हेर असतेच, हायवेच्या डिव्हायडरवर तर रांगेनं लावलेली असते. तिचं पान, फूल, साल, काडी सगळं विषारी, वाळलं तरी विषारी, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बिया तर त्याहून वाईट, आणि त्याच बिट्ट्या घेऊन पोरं अंगणात खेळतात. दक्षिणेत आणि श्रीलंकेत ह्या बियांनी खरोखर माणसं दगावतात. केरळात 2024 च्या मे महिन्यात, एका तरुणीच्या मृत्यूत कण्हेरीच्या फुलापानांचा संशय आल्यावर, त्रावणकोर देवस्वम बोर्डानं आपल्या देवळांत नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरायचं बंद केलं. तिकडं तिला अरळी म्हणतात. ही बातमी एकाही ग्रुपवर मला दिसली नाही. मी कण्हेर तोडा म्हणत नाही, फूल देखणं आहे आणि उन्हाळ्यात दुसरं काही नसताना तेच फुलतं. पण पडलेल्या बिट्ट्या झाडून टाका, छाटलेल्या काड्या चुलीत किंवा बंबात घालू नका कारण धूरसुद्धा बरा नव्हे, आणि गणपतीच्या दिवसांत नैवेद्याच्या ताटात कण्हेरीचं फूल ठेवू नका. पायापाशी वाहा की.

खरं सांगू, ह्या फॉरवर्डांनी झाडांची मजाच घालवली आहे. कोण औषध म्हणून लावतंय, कोण विष म्हणून फेकतंय, फुलासाठी लावणारं कमीच. आमच्या टेरेसवर शेवंतीच्या कुंड्या आहेत. तिचे शेंडे पावसात दोनदा-तीनदा खुडायचे म्हणजे झाड पसरतं, आणि मग दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरते. तिला लांब, काळोखी रात्र लागते. मागं कोपऱ्यावर नवा पांढरा एलईडी दिवा लागला तर उजेडातल्या दोन कुंड्या हिरव्यागार राहिल्या, कळीचं नाव नाही, आणि टाकीच्या सावलीत असलेल्या फुलून आल्या. एकाच रोपाच्या फुटव्यांतून केलेल्या सगळ्या. अंधार मोजणारं झाड आपल्या टेरेसवर आहे, आणि आपण नासाच्या नावानं कुणी काय लिहिलंय ते वाचत बसलोय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात शेवंतीचा भाव विचारून बघा, मग घरच्या परडीभर फुलांची किंमत कळते.

उरलेलं झटपट. चहाची पावडर साखर-दूध धुऊन, थोडी कुजवून घातली तर खत होतं, तेवढं बरोबर. साखरेचा चहा तसाच ओतला की मुंग्या आणि बुरशी. दूध घालू नका, वास सुटतो, ते नातवाला द्या. अंड्याची टरफलं वाईट नाहीत पण नुसती चुरगाळून टाकली तर विरघळायला फार वेळ घेतात. मेसेजमध्ये स्नेक प्लांटला रोज पाणी घाला म्हटलंय, ते तर अजिबात करू नका, जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा आधीच ओली असते, मुळं कुजतात आणि एक दिवस अख्खं पान हातात येतं. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी. कुंडीचं खालचं भोक बुजलेलं नाही ना ते बघा, निम्मी झाडं त्यानंच मरतात. निवडुंगानं घरात भांडणं होत नाहीत, काटा लागला तर होतील कदाचित.

आणि मनी प्लांट बाटलीत पाण्यावर ठेवायला सांगितलंय "पाणी न बदलता". हे मात्र खरोखर वाईट आहे. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. पावसाळ्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी बॅटरी घेऊन लार्वा बघायला येतात तेव्हा बॅरल झाकलेलं असतं आणि शोकेसमधल्या बाटलीत अळ्या वळवळत असतात. आठवड्यातून एकदा पाणी ओता, बाटली आतून घासा, मुळं धुवा. कुंडीखालच्या ताटल्याही उपड्या करा. चोरून आणलेल्याच मनी प्लांटनं पैसा येतो म्हणतात, तर कुणाला लागलं तर सांगा, आमच्याकडं वेल भिंतभर पसरलाय, तोडून देतो, चोरायला यायची गरज नाही.